उपसर्ग, अव्यय आणि अर्थाचे स्थान

इंग्रजीत ‘पुट’ म्हणजे ठेवणे. परंतु ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे खपवून घेणे. या तिन्हींत ठेवण्याची क्रिया शोधून सापडत नाही. अशा क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५च्या पुस्तकात हे नाव वापरले. त्यांचा अर्थ लावण्याची अडचण मात्र जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेत ही रचना परकीयांना फार जड जाते, असे नोंदवले होते. या अडचणीच्या मुळाशी तत्त्वज्ञानातला एक प्रश्न आहे: अर्थ सुट्या शब्दात असतो, की शब्दांच्या जोडणीत?

भारतीय परंपरेत हा वाद उपसर्गांवरून झाला. ‘हृ’ या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार आणि संहार हे शब्द होतात. यास्काच्या ‘निरुक्त’ या शब्दव्युत्पत्तीवरील प्राचीन ग्रंथात याविषयी दोन मते दिली आहेत. शाकटायनाच्या मते सुट्या उपसर्गाला स्वतःचा अर्थ नसतो. नामाशी किंवा क्रियापदाशी जोडल्यावर तो त्यांचाच अर्थ उजळतो. गार्ग्याच्या मते उपसर्गांना स्वतःचे, नाना प्रकारचे अर्थ असतात.

इंग्रजीत उपसर्गासारखे काम ‘अप’, ‘आउट’ ही अव्यये करतात, पण ही उदाहरणे दोघांनाही पुरते यश देत नाहीत. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ या तिन्हींत ‘अप’ क्रिया पूर्ण झाल्याचे सांगतो. येथे गार्ग्य बरोबर ठरतो. ‘पुट अप विथ’मध्ये तो अर्थ लागू पडत नाही. शाकटायनाचे मत धरले, तर विझवणे आणि खपवून घेणे हे अर्थ ‘पुट’मध्ये आधीपासून दडलेले होते असे मानावे लागते, आणि तेही पटत नाही.

सुमारे पाचव्या शतकातील भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त वेगळी वाट दाखवली. त्याच्या मते अर्थाचे खरे एकक अखंड वाक्य आहे. शब्द, धातू, उपसर्ग हे विभाग वैयाकरण शिकवण्याच्या सोयीसाठी पाडतो. या विभागणीला तो ‘अपोद्धार’ म्हणतो. हे अखंडत्व शब्द शेजारी असण्यावर अवलंबून नाही. वेदात उपसर्ग क्रियापदापासून दूरही येतो, हे पाणिनीने नोंदवले आहे. इंग्रजीतही ‘पुट द लाईट आउट’ म्हणताना मध्ये दिवा येतो, तरी अर्थ एकच राहतो.

यावर आक्षेप असा, की वाक्य अखंड असेल तर कधी न ऐकलेले वाक्य कसे कळते? त्याला उत्तर मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या तत्त्वज्ञांच्या, विवेचनात मिळते. वडीलधारे ‘गाय आण’, ‘घोडा आण’, ‘गाय बांध’ असे बोलतात, त्याप्रमाणे ऐकणारा वागतो आणि मूल ते पाहते. वाक्यात एक शब्द आला, दुसरा गेला की कृतीत काय बदलले, यावरून त्याला शब्दांचे अर्थ उमगतात. या घाल-काढीला ‘आवाप-उद्वाप’ म्हणतात. म्हणजे अर्थ आधी संपूर्ण वाक्यातून, व्यवहारातून कळतो. सुट्या शब्दांचे ज्ञान त्यानंतर येते आणि त्याच्या आधारे नवे वाक्य कळते.

इंग्रजी शिकणाऱ्यालाही हाच क्रम उपयोगी आहे. ‘पुट’च्या अर्थांची यादी पाठ करण्याऐवजी प्रत्येक रूप वापरातल्या वाक्यासह शिकावे. ‘अप’ किंवा ‘आउट’ची समान छटा पुढे दिसली, तर ती स्मरणाला मदत म्हणून घ्यावी, तिला नियम मानू नये.