हिमालयातले मूळ आणि आपला हक्क

दिल्लीतल्या चांदनी चौकाच्या पूर्व टोकाला, लाल किल्ल्यासमोर, दिगंबर जैनांचे लाल मंदिर आहे आणि त्याच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय. पश्चिम टोकाला फतेहपुरी मशीद, आणि तिला लागून खारी बावलीचा बाजार. मिरची-हळदीच्या पोत्यांशेजारी तिथे जडीबुटीची पोती उघडी ठेवलेली असतात : कुठाची सुरकुतलेली मुळे, अक्कलकारा, कासनी, गुलबाबुना, अफसंतीन. वैद्य आणि हकीम दोघांनाही लागणारा हा माल निरनिराळ्या मुलखांतून येतो, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही सारी एकाच घरची मंडळी, सूर्यफुलाच्या कुळातली. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते या कुळात अनेक बारीक फुलांचे एकत्र बसलेले डोके असते. यातला कुठ, म्हणजे आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानातले कोष्ठ किंवा उपलेट, हिमालयाच्या उंच उतारांवरचा. मूळ हवे असेल तर ते खणावे लागते आणि खणले की झाड संपते. रस्त्याच्या एका टोकाला वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानणारा आणि म्हणून कंदमुळे वर्ज्य करणारा धर्म आहे, दुसऱ्या टोकाला उपटलेल्या मुळांचा व्यापार. झाड औषधी आहे एवढ्यावरून ते घेण्याचा हक्क आपल्याला मिळतो का, हा प्रश्न या दोन टोकांमध्ये उभा आहे, आणि त्याचे उत्तर आपण समजतो तितके सरळ नाही.

सरळ उत्तर सगळ्यांच्या ओठांवर असते. सृष्टीतले सारे काही औषध आहे, ते माणसासाठी आहे, म्हणून घ्यावे. याला आधार म्हणून चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सव्विसाव्या अध्यायाकडे बोट दाखवले जाते. जगात औषध नाही असे एकही द्रव्य नाही, असे तिथे म्हटले आहे हे खरे. पण ते विधान तिथेच थांबत नाही. विशिष्ट युक्तीने आणि विशिष्ट हेतूसाठी योजले तरच, अशी अट त्याला जोडलेली आहे. याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात तीक्ष्ण विषही नीट योजले तर उत्तम औषध होते आणि औषधही चुकीचे योजले तर विष होते, असा इशारा येतो. दोन्ही विधाने एकत्र वाचली की औषधीपणा हा झाडाच्या अंगात भरून ठेवलेला माल राहत नाही. तो झाड, रोगी, वैद्य, काळ आणि मात्रा यांच्या संबंधातून निर्माण होतो. कुठाचेच पाहा. त्याच्या मुळात कॉस्ट्युनोलाइडसारखी जी लॅक्टोन द्रव्ये आहेत, त्यांच्यावर आजही प्रयोगशाळांतून काम चालते. त्याच मुळाचे तेल त्वचेला तीव्र ॲलर्जी आणते म्हणून युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी घातली आहे. मूळ एकच, संबंध बदलला की त्याची ओळखही बदलते.

बौद्धांच्या विनयपिटकातली जीवकाची गोष्टही याच अंगाने वाचायला हवी. तक्षशिलेला वैद्यकाचे शिक्षण पुरे होत आले तेव्हा गुरूंनी त्याला नगराभोवती योजनभर फिरून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले. जीवक खणती घेऊन हिंडला, त्याला तशी एकही वनस्पती सापडली नाही, आणि गुरूंनी त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे मान्य केले. ही गोष्ट सर्वत्र वनस्पतींच्या उपयुक्ततेची साक्ष म्हणून सांगितली जाते. पण योजनभराच्या त्या फेरीतून जीवक रिकाम्या हाताने परतला, ही बाब सहसा कुणी लक्षात घेत नाही. सगळे काही औषध आहे हे कळलेल्या माणसाने त्या दिवशी एकही झाड उपटले नाही. ज्ञान आणि घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, पहिलीतून दुसरीचा परवाना आपोआप मिळत नाही. परीक्षा शिष्याच्या दृष्टीची होती, रानावरच्या त्याच्या मालकीची नव्हे.

याहून जुना पुरावा वेदांत आहे. अथर्ववेदात कुष्ठ नावाच्या वनस्पतीला उद्देशून सूक्ते आहेत, आणि ही वनस्पती म्हणजे आजचा कुठ, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तक्मन नावाच्या तापाला घालवून दे, अशी तिला विनवणी आहे. ती हिमवंतावर जन्मते आणि तिथून पूर्वेकडच्या लोकांपर्यंत नेली जाते, म्हणजे डोंगर ते वस्ती हा व्यापाराचा मार्ग तेव्हाही होता. पण सूक्तकार तिला माल म्हणून संबोधत नाही. तो तिच्या आईचे नाव जीवला आणि बापाचे नाव जीवंत असे सांगतो, तिला सोमाच्या जोडीने बसवतो. ज्याला आईबाप आहेत ते नुसते द्रव्य असू शकत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले ओषधिसूक्त यापुढे जाते. तिथे वनस्पतींना माता म्हटले आहे, आणि खणणारा आपल्याला इजा होऊ नये आणि ज्याच्यासाठी खणतो आहोत त्यालाही होऊ नये, असे त्यांच्याकडे मागतो. खणण्याने काहीतरी बिघडते, त्याचा जाब द्यावा लागतो, ही जाणीव त्या मागण्यात स्पष्ट आहे. चरकाच्या कल्पस्थानात हीच जाणीव नियम होऊन येते : औषधी गोळा करणाऱ्याने शुचिर्भूत व्हावे, देवतांची पूजा करावी, उपास करावा, आणि योग्य ऋतूतच त्या घ्याव्यात. म्हणजे आपल्या परंपरेत औषध घेणे निषिद्ध नाही, पण विनाअटही नाही. घेणारा स्वतःवर काही बंधने घालून घेतो, तेव्हाच त्याचे घेणे धर्म्य ठरते. माझे म्हणणे एवढेच आहे की ती बंधने औषधाला वरून चिकटवलेली नाहीत. ती औषधाचाच भाग आहेत.

बंधने सुटल्यावर काय होते, याचा इतिहास कुठानेच लिहून ठेवला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात उज्जैनमार्गे भडोचच्या बंदरात येणाऱ्या मालात कुठाचा उल्लेख आहे. रोममध्ये तो सुगंधासाठी जाई, पुढे चीनमध्ये धुपासाठी जाऊ लागला. जोवर मागणी दूरची आणि वाट अवघड होती तोवर डोंगर ती पेलू शकला. विसाव्या शतकात तो पेलेनासा झाला. 1985 साली वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराने कुठाला सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात टाकले. 1991 साली दिल्लीत संसदेने वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा वनस्पतींसाठी जी नवी सहावी अनुसूची जोडली गेली तिच्या मोजक्या सहा नोंदींत कुठ होता. ज्या वनस्पतीला अथर्ववेदाने सोमाचा सखा मानले, तिला वाचवायला अखेर कायदा करावा लागला.

याहून बोलका पुरावा हिमालयाच्या पूर्व अंगाला, चीनच्या युन्नान प्रांतात आहे. कुठाच्याच वंशातले एक हिमकमळ, सॉसुरिया लॅनिसेप्स, तिबेटी आणि चिनी वैद्यकात वापरले जाते. हे झाड आयुष्यात एकदाच फुलते आणि फुलात असतानाच खुडले जाते. मोठे झाड अधिक गुणकारी, या समजुतीने आधी उंच झाडे जातात. वेन लॉ आणि जॅन सॅलिक यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंभराहून अधिक वर्षांचे वाळवलेले नमुने मोजून पाहिले. हे हिमकमळ काळाबरोबर खुजे होत गेले होते, आणि फारसे न खुडले जाणारे त्याचे भावंड मात्र तसेच राहिले होते. प्रत्यक्ष डोंगरावरही जिथे खुडणी जोरात होती तिथली झाडे लहान आणि कावागेबो या पवित्र पर्वताच्या ज्या भागात श्रद्धेमुळे खुडत नाहीत तिथली मोठी आढळली. सर्वांत मोठे तेवढे निवडून घेण्याच्या हव्यासाने तो मोठेपणा वाहणारे बीजच पातळ होत गेले. आणि ज्यांनी तिथले फूल औषध म्हणून घेतलेच नाही, त्यांनी ते औषध म्हणून टिकवले.

यावर पहिला आक्षेप करुणेचा आहे, आणि तो हलका नाही. रोगी तळमळत असताना झाडाची परवानगी मागत बसायचे का? चरकसंहितेच्या विमानस्थानात गंगेकाठच्या कांपिल्य नगराच्या रानात फिरताना गुरू आत्रेय आपल्या शिष्याला, अग्निवेशाला, सांगतात की साथीने देश उद्ध्वस्त होण्याआधी औषधी उपटून ठेवा. म्हणजे परंपराच साठवण करायला सांगते. पण त्याच उपदेशात कारणही दिले आहे : भूमी नीरस झाली की औषधींचे रस आणि वीर्यही जातील. रोग्याला वाचवणारा गुण जमिनीच्या निरोगीपणावर उभा आहे, हे आत्रेयांना ठाऊक आहे. त्याच अध्यायात देशाच्या नाशाचे मूळ ते अधर्मात शोधतात, आणि लोभ त्यात आलाच. म्हणून करुणेचा युक्तिवाद माझ्याच बाजूने येतो. आज खाटेवर असलेल्या रोग्याइतकाच पन्नास वर्षांनी आजारी पडणारा माणूसही आपल्या करुणेचा अधिकारी आहे, आणि त्याच्या वाट्याचे मूळ आज उपटून विकायचा अधिकार वैद्यालाही नाही. शिवाय खारी बावलीतून जाणारे प्रत्येक मूळ मरणाऱ्याच्या उशाशी जात नाही. बराचसा माल उदबत्त्यांत, तेलांत आणि ज्यांना विशेष काही झालेले नाही अशांच्या शक्तिवर्धकांत जातो. तातडीचा युक्तिवाद तिथे लागू करणे हा करुणेचा अपमान आहे.

दुसरा आक्षेप धर्मावरच आहे : श्रद्धा रान राखते म्हणता, पण तीच रान ओरबाडतेही. ब्रह्मकमळ हे कुठाचेच भावंड, सॉसुरिया ऑब्वलाटा, उत्तराखंडचे राज्यफूल. (पुण्या-मुंबईच्या गॅलरीत रात्री उमलणारे आणि आरती ओवाळून घेणारे ब्रह्मकमळ वेगळे, ते अमेरिका खंडातून आलेले निवडुंग आहे.) केदारनाथला हे फूल वाहतात, आणि आता एका हंगामात तिथे दहा लाखांहून अधिक यात्रेकरू पोचतात. आक्षेप खरा आहे, तो मान्यच केला पाहिजे. पण गढवाल-कुमाऊंच्या अनेक खोऱ्यांत या फुलाभोवती एक जुना नियमही आहे : भाद्रपदातल्या नंदाष्टमीपूर्वी ते खुडायचे नाही. तोवर बरीच झाडे फुलून गेलेली असतात, त्यातल्या काहींना बी धरायला सवड मिळते. ज्या श्रद्धेत फूल वाहणे आहे तिच्यातच थांबणेही आहे. बाहेरून आलेल्या भक्ताने पहिले उचलले, दुसरे डोंगरातच सोडले, तर तो पूर्ण पूजा करत नाही. नंदादेवीच्या गावांतला जो म्हातारा आषाढात फुलाला हात लावू देत नाही, तो माझ्या मते पूजेचा अर्थ अधिक जाणतो.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. शेती करा, प्रश्न संपला. लाहौलच्या खोऱ्यात कुठाची शेती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होते आहे, आणि मूळ खणण्याजोगे व्हायला साधारण तीन वर्षे लागतात. ही शेती वाढावी, तिथल्या शेतकऱ्याला भाव मिळावा, असे मला मनापासून वाटते. पण शेतीने पुरवठ्याचा प्रश्न सुटतो, हक्काचा नाही. रानातले मूळ शेतातल्यापेक्षा अस्सल, असे गिऱ्हाईक मानत राहिले तर शेतीचा माल हा चोरीच्या मालाला आडोसाच होतो, कारण वाळल्यावर दोन्ही मुळे एकसारखीच दिसतात. ते मूळ रानातले असेल तर मला नको, असे वैद्याने आणि घेणाऱ्याने म्हणणे ही कुठलीही शेती पिकवू शकत नाही अशी गोष्ट आहे. चरकाच्या नियमाप्रमाणे उपास करून, पूजा करून औषधी घेणाऱ्या माणसाचे ते आजचे रूप आहे.

आणखी एक शंका उरते : झाडाला सुखदुःख नाही, मग बंधन कुणासाठी? जैन विचार आणि मनुस्मृती वनस्पतींना आतली जाणीव असते असे मानतात, आधुनिक शास्त्राला त्यांच्यात मज्जासंस्था आढळत नाही. हा वाद मिटल्याशिवाय माझा युक्तिवाद अडत नाही, कारण तो वेदनेवर उभा नाही, परावलंबनावर उभा आहे. ज्याच्यावाचून आपण बरे होऊ शकत नाही त्याच्याशी आपले नाते मालकाचे असू शकत नाही, त्याला दुखो वा न दुखो.

खरी कसोटी मात्र औषध नसलेल्या फुलांची आहे. भाद्रपदात सह्याद्रीचे किल्ले आणि पठारे पिवळी करणारी सोनकी सूर्यफुलाच्याच कुळातली, सेनेसिओ वंशातली. या वंशातल्या कित्येक जातींत यकृताला घातक अल्कलॉइडे असतात. तिचा काढा करावा असे कोणी सुचवू नये. आणि गाजरगवत, तेही याच कुळातले. पुण्यात 1950च्या दशकात ते प्रथम नजरेत भरले आणि आज दिल्लीच्या रिकाम्या जागांवर ते माजलेले असते, कित्येकांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देत. वनस्पतीचे मोल तिच्या उपयोगाएवढेच मानणाऱ्याला सोनकी आणि गाजरगवत यांत फरक करता येत नाही, दोन्ही निरुपयोगीच. नात्याच्या विचाराला तो करता येतो. सोनकी आपल्या डोंगरावर, आपल्या ऋतूत, आपल्या कीटकांसह नांदते, तिला आपल्याकडून काही नको आणि आपल्याला तिच्याकडून काही मागायचे नाही. ती तशीच असू द्यावी. गाजरगवत माणसाच्या धान्याबरोबर आले आणि माणसाने उकरलेल्या जमिनीवर फोफावले, तेव्हा ते उपटणे ही आपली जबाबदारी आहे, आणि हातमोजे घालून, फुले येण्याआधी ते काढणारा माणूस धर्माचेच काम करतो. कुठाबद्दलही प्रश्न असाच ठेवावा लागेल : खारी बावलीतल्या दुकानदाराला, औषधाच्या कारखान्याला आणि नाडी पाहून चिठ्ठी लिहिणाऱ्या वैद्याला, की हे मूळ कोणत्या शेतातले, आणि ते सांगता येत नसेल तर ते विकायला कसे आले?