६३९ वर्षांची मैफल

जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावी सेंट बुर्खार्डी नावाचं जुनं चर्च आहे. तिथे चालू असलेली मैफल २६४० साली संपेल.

तिथे वाजते ती संगीतकार जॉन केज यांची ऑर्गनसाठीची रचना. तिच्यात गतीबद्दलची सूचना एवढीच: जमेल तितकी संथ वाजवा. गावातला ऐतिहासिक ऑर्गन १३६१ मध्ये बांधला गेला होता. तेव्हापासून २००० पर्यंत ६३९ वर्षं झाली, म्हणून वादनही तेवढंच. ५ सप्टेंबर २००१ ला ते सुरू झालं, तेही शांततेनं. पहिला सूर उमटला फेब्रुवारी २००३ मध्ये. वादक नाही, वाळूच्या छोट्या पिशव्या सूर धरून ठेवतात. सूर बदलायच्या दिवशी मात्र दूरदूरचे लोक जमतात. ५ फेब्रुवारी २०२४ लाही जमले होते.

जे कोणीच पूर्ण ऐकणार नाही, ते संगीत कोणासाठी?

१९४० च्या दशकात भारतीय संगीतकार गीता साराभाईंनी केज यांना भारतीय परंपरेतलं उत्तर सांगितलं होतं: संगीत मन शांत करतं, ईश्वरी स्पर्शासाठी मोकळं करतं. त्या उत्तराला सम लागत नाही, शेवटही लागत नाही. गाणं सुरू होण्याआधी तानपुऱ्याच्या झंकारात बसून राहिलेल्याला ते लगेच उमगेल. चर्चमध्ये आलेला माणूस घटकाभर थांबतो, बाहेर पडतो. आत तोच सूर चालू असतो.