बेचाळिसातून सतरा

उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्याला शाळेची घंटा वाजते, तेव्हा नागपुरात ऊन अजून हटलेलं नसतं. म्हणून विदर्भातल्या शाळा आठवडा-पंधरवडा उशिरा उघडतात. त्यावरून विदर्भातली पोरं मागे पडली, असं कुणी म्हणत नाही. एका अख्ख्या प्रदेशाला दाखवलेला हा समजूतदारपणा एकट्या मुलाच्या वाट्याला मात्र येत नाही. शाळा उघडली की तिसरीचं गणिताचं पुस्तक सगळ्यांसाठी एकाच दिवशी, एकाच पानापासून सुरू होतं. दशक कुणाला कळलेलं असो वा नसो.

बेचाळिसातून सतरा वजा करायला सांगा. बरीच मुलं पस्तीस लिहितात. वहीवर लाल फुली पडते आणि वर्ग पुढे जातो. पण त्या पस्तीसकडे जरा नीट पाहावं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलानं सातातून दोन घालवले, पाच आले. चारातून एक गेला, तीन राहिले. 'लहान संख्या मोठीतून वजा करायची' हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं आणि त्यानं ते इमानदारीनं पाळलं. हा वेंधळेपणा नव्हे. त्या चारात चाळीस आहेत, एवढंच त्याला अजून दिसलेलं नाही. मग आपण 'उसना घे' म्हणतो. चार खोडायचा, वर तीन लिहायचे, दोनाशेजारी एक ठेवायचा. हाताला ते वळणही पडतं, पण चारातला एक उचलून दोनापाशी नेला की त्याचे दहा कसे होतात, हे कोडं तसंच राहतं. ते सोडवायला दुसरीच्या, कधी पहिलीच्या पुस्तकाकडे परत जावं लागतं. आणि परत जाण्याची आपल्याकडे भारी लाज. 'तिसरीत गेलास ना आता?' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं.

'असर' या सर्वेक्षणात कार्यकर्ते खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांना अशीच वजाबाकी घालतात. २०२४च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना ती जमली. पाचवीत साधा भागाकार जमणारी ३०.७ टक्के. म्हणजे 'मागे पडलेलं मूल' हा अपवाद नाही, वर्गातले बहुतेक बाक त्याचेच आहेत.

जुन्या पंतोजींच्या शाळेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. तिथं छडी होती, आणि मुली व अनेक जाती दाराबाहेर होत्या. पण तिथं आजच्यासारख्या इयत्ता नव्हत्या. धुळपाटीवर अंक गिरवून झाले की पाढे, मग पावकी, निमकी हे अपूर्णांकांचे पाढे. ज्याचं झालं तो पुढे. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेनं आपल्या काळात साधारण हाच धागा उचलला: तिसरी ते पाचवीची मुलं दिवसातला काही वेळ इयत्तेप्रमाणे नव्हे, तर काय येतं त्याप्रमाणे बसवायची. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ही शिक्षकाला हेच बजावतं, की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहा आणि गरजेप्रमाणे जादा शिकवा. त्याच कलमात ठरल्या वेळात अख्खा अभ्यासक्रम पूर्ण करायलाही सांगितलं आहे. चाळीस मुलांसमोर उभ्या असलेल्या मॅडमनं यातलं आधी काय करावं?

शाळेबाहेर, नागपुरात धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत हल्ली अबॅकसच्या शिकवण्यांच्या पाट्या दिसतात. घड्याळ लावून बेरजा. मला ते घड्याळ रुचत नाही. अडलेलं मूल त्यानं घाबरतं, आणि ज्याला झटकन येतं त्याला पटापट करणं म्हणजेच गणित वाटू लागतं. या दुसऱ्या मुलाचेही हाल आपण करतोच म्हणा; सगळं येत असूनही त्याला वर्गासाठी ताटकळत ठेवतो.

२०२५ साली 'नेचर'मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर एक अभ्यास आला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्याच्या लेखकांत आहेत. गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी चोख करणारी ही मुलं कागदावरच्या साध्या गणितात अडली, आणि शाळेत शिकणाऱ्यांना बाजारातला हिशेब जड गेला. आपल्या नागपूरच्या बुधवार बाजारात भाजीच्या ढिगामागे बसलेल्या पोराकडे पाहिलं, तर यात नवल वाटत नाही. नोट त्याला कळते, दशक कळत नाही.

म्हणून घरी दहाच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी मुलाच्या हातात द्यावीत आणि सतरा रुपये मागावेत. एक नोट तो लगेच काढून देईल. पुढचे सात द्यायला दोनच नाणी आहेत, हे त्याच्या लक्षात येईल. इथं आपण गप्प बसायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, लागतील तेवढी. 'सुटे नाहीत' असं तो स्वतःहून म्हणाला की दहा नाणी पुढे करायची आणि त्याच्याकडून एक नोट घ्यायची. दुसऱ्या दिवशी पन्नासातून तेवीस. कदाचित तो पुन्हा अडेल, मग पुन्हा नोटा काढायच्या. वही त्यानंतर.