गावातला साथीदार

मिरजेत तबला वाजवणाऱ्याला गाण्यामागे हिंडावं लागत नाही. गाणंच गावात येतं. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरसात येतं, अंबाबाईच्या नवरात्रात येतं, एरवी कुणाच्या पुण्यतिथीला नाही तर एकसष्टीला येतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर इथेच शिकले. अब्दुल करीम खाँ इथेच स्थायिक झाले, आणि १९३७मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर त्यांचा अंत झाल्यावर त्यांना दफनासाठी इथेच आणलं. अशा गावात बाहेरून आलेल्या गवयाच्या, वादकाच्या शेजारी बसून ठेका धरण्यात माझं आयुष्य गेलं. त्यातले बहुतेक पाहुणे मला त्या संध्याकाळपर्यंत भेटलेले नव्हते.

पाहुण्याला गावातलाच तबला द्यायची ही पद्धत आता मागे पडत चालली आहे. कलाकार आपला साथीदार बरोबर घेऊन येतो, आयोजक दोघांचं तिकीट काढतात, आणि गावातल्या माणसाला फोन येतो तो ठरलेला साथीदार ऐनवेळी आजारी पडला तरच. यात बिघडलं काय, असं अनेकांना वाटतं. मला वाटतं, बरंच काही बिघडलं. ही पद्धत सोयीपोटी आली असेल, पण आपलं संगीत ज्यावर उभं आहे ती गोष्ट तिच्यामुळे रोज तपासली जात होती. दोन अनोळखी माणसं एका तालावर भेटून पूर्ण मैफल उभी करू शकतात, हीच ती गोष्ट.

ती कशी उभी राहते, हे श्रोत्यांना सहसा दिसत नाही. सुरुवात सुरापासून होते. पाहुणे पुरुष असतील तर काळी एक किंवा पांढरी दोन, बाई असतील तर काळी चार, काळी पाच, असा ढोबळ अंदाज धरून घरून दोन-तीन तबले निघतात. टिपेचा लहान तोंडाचा एक, ढाल्या सुराचा मोठ्या तोंडाचा एक, आणि मधला एखादा. फोनवर सांगितलेली पट्टी संध्याकाळी तशीच राहील याची खात्री नसते. प्रवासानं आवाज बसला की गवई अर्धा सूर खाली येतात. नवरात्रात पावसाळा नुकताच सरलेला असतो, हवेत ओल असते, पुडी सैल पडते. गजऱ्यावर हातोडीचे ठोके देत सोळाही घरं एका सुराला आणायची, आणि मांडवातले मोठे दिवे लागले की तोच तबला चढायला लागतो. मग चालू गाण्यात, दोन आवर्तनांच्या फटीत, समोरच्याचं लक्ष न मोडता तो उतरवायचा. तबला षड्जाला चढत नसेल तर पंचमात लावायचा. पण पाहुण्यांनी मालकंस म्हणायचं ठरवलं असेल तर त्यात पंचमच नाही, मग मध्यमात. हे सगळं चहा येईपर्यंतच्या वेळात. त्याच वेळात एक-दोन प्रश्न होतात. बडा ख्याल कशात? झुमरा की एकताल? लय जरा दाखवता का? पाहुणे मांडीवर दोन-तीन मात्रा दाखवतात, आणि तेवढ्या शिदोरीवर दीड तास काढायचा असतो.

खरी कसोटी पहिल्या मुखड्याची. आलाप संपत येतो. गवई बंदीश उचलतात. ती बंदीश मी कधी ऐकलेली नसते. मुखडा दहाव्या मात्रेपासून आहे की अकराव्या, हे कुणी सांगितलेलं नसतं. शब्द कुठे आखडतो, कुठे लांबतो, सूर कुठे उतरू पाहतो, यावरून सम कुठे येणार ते ओळखायचं आणि पहिला ‘धिं’ नेमका तिथे टाकायचा. सतारीची मसीतखानी गत असेल तर निदान आधार असतो, कारण तिचा मुखडा बाराव्या मात्रेवरून निघतो. गाण्यात तोही नाही. चुकून अर्धी मात्रा आधी हात पडला तर सगळ्या मैफलीला कळतं. जमलं तर कुणालाच कळत नाही. फक्त गवयाचे खांदे जरा सैल होतात, आणि मागच्या तानपुऱ्यावरची मुलगी एकदा माझ्याकडे बघते. तिथून पुढे तो माणूस मोकळा गातो. या क्षणासाठी तालीम करता येत नाही, आणि तो निभावला जातो कारण बारा मात्रांचा तो आराखडा आम्हा दोघांच्याही अंगात लहानपणापासून भिनलेला असतो. त्याचे आई-वडील धारवाडचे आणि माझे मिरजेचे असले, त्याचे गुरू एका घराण्याचे आणि माझे दुसऱ्याच बाजाचे असले, तरी सम एकच असते.

मुखडा जमल्यावर पाहुण्याचा स्वभाव कळायला लागतो. किराण्याची अतिविलंबित लय असेल तर एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिटाचं होतं. दोन मात्रांमध्ये जवळजवळ चार सेकंद. त्या चार सेकंदांत काय भरायचं आणि किती मोकळं सोडायचं, यातच साथीदाराची सगळी विद्या येते. जास्त भरलं तर सुराला श्वास राहत नाही. कमी भरलं तर लय ढासळते. डग्ग्याची आस लांबवून मात्रा पुढच्या मात्रेकडे नेता आली पाहिजे. अमीर खाँसाहेबांच्या झुमऱ्यातली ध्वनिमुद्रणं ऐकताना तबल्याकडे लक्ष द्या. फारसं काही वाजत नाही असं वाटेल, आणि ते न वाजवणंच केवढं अवघड आहे हे वाजवणाऱ्यालाच कळेल. जयपूरचं गाणं आलं की हिशेब बदलतो. तिथे बहुधा विलंबित त्रिताल, लय गच्च, आणि तान आवर्तनाला अशी बांधलेली की ठेका केसभर हलला तरी तिची वीण उसवते. ग्वाल्हेरचा तिलवाडा जरा चालता हवा. आग्र्याचे गवई बोलबाट करायला लागले की त्यांना समोरून उत्तर हवं असतं. तिथे नुसता ठेका धरून बसलेला तबला त्यांना निरुत्साही वाटतो. आणि शेवटी ठुमरी निघाली की लग्गीचा हात वेगळाच लागतो. हे सगळं एका महिन्यात, कधीकधी एका रात्रीत, एकाच माणसाकडून मागितलं जातं. ठरावीक गवयाबरोबर फिरणाऱ्या तबलजीला एका घराण्याची खोली मिळते. गावातल्या साथीदाराला सगळ्या घराण्यांची ओळख ठेवावी लागते, आणि ती पुस्तकातून मिळत नाही. ती पाहुण्यांकडूनच मिळते.

गावातली तालीम अशी चालायची. आकाशवाणीनं तिला पगाराचा आधार दिला होता. नागपूर केंद्र १९४८चं, पुणे १९५३चं, सांगली १९६३चं. या केंद्रांवर तबल्याचे नोकरीतले कलाकार असत. बाहेरचा गवई एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर गात जाई आणि प्रत्येक ठिकाणी तिथला तबलजी त्याला साथ करी. सोमवारी सनई, बुधवारी ख्याल, शुक्रवारी सुगम संगीत, आणि लाल दिवा लागला की थांबून पुन्हा सुरू करायची सोय नाही. त्या नोकरीतून किती पक्के साथीदार तयार झाले, आणि त्यांनी निवृत्तीनंतर आपापल्या गावात किती मुलं शिकवली, याची नोंद संगीताच्या इतिहासात सापडत नाही. त्या जागा रिकाम्या झाल्या तेव्हा पुष्कळ केंद्रांवर पुन्हा भरल्या गेल्या नाहीत. तालवाद्यं शिकवणारी एक व्यवस्था अशी गुपचूप मोडली आणि त्याबद्दल ओरड झाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

कायमच्या जोडीनं केलेलं काम कमी मोलाचं आहे, असं माझं म्हणणं मुळीच नाही. कुमार गंधर्वांच्या मागे वसंतराव आचरेकरांचा तबला नसता तर त्या गाण्याचा घाट वेगळा झाला असता. रविशंकर आणि अल्लारखा, शिवकुमार शर्मा आणि झाकीर हुसेन या जोड्यांनी तबल्याला मंचावर जी जागा मिळवून दिली, तिचा फायदा माझ्यासारख्या सगळ्यांना झाला. त्याआधी साथीदाराचं नावही घेतलं जात नसे. जुन्या अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या तबकड्यांवर गवयाचं नाव ठळक, आणि मागे वाजवणारा कोण हे बहुधा लिहिलेलंच नाही. जोडीमुळे दोन माणसांत समज इतकी वाढते की एकाच्या मनातलं दुसऱ्याच्या हातात येतं. हे सुख मीही मनापासून ऐकलं आहे.

पण सगळेच कुमार आणि वसंतराव नसतात. आज बरोबर आणलेल्या साथीदारांच्या पुष्कळ मैफलींत मला दिसतं ते वेगळं. तिहाया आधी बसवलेल्या असतात, सवाल-जवाब पाठ असतो, टाळी कुठे येणार हे दोघांना माहीत असतं. ध्वनिचित्रमुद्रण होणार, ते दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरणार, म्हणून धोका नको असतो. कोल्हापूरला ऐकलेली मैफल पुढच्या आठवड्यात सोलापूरला जवळजवळ तशीच ऐकायला मिळते. गावातला साथीदार बसला की ती सोय जाते. पाहुण्याला आपली लय दाखवावी लागते, थांबावं लागतं, समोरचा काय देतो ते ऐकावं लागतं. उपज म्हणतात ती अशाच अडचणीतून येते. मला आठवणाऱ्या उत्तम मैफली अशाच आहेत: पहिली वीस मिनिटं दोघं एकमेकांना चाचपत होते आणि मग काहीतरी उघडलं.

याला एक खरं उत्तर आहे, आणि ते मी टाळत नाही. गावातला साथीदार कच्चा असेल तर पाहुण्याला आपल्या कुवतीखाली गावं लागतं, आणि तिकीट काढून आलेल्या श्रोत्यावर तो अन्याय आहे. हे बरोबर आहे. पण तो पक्का होणार कसा? थोर गवयांच्या शेजारी बसूनच. ती जागा काढून घेतली की दहा वर्षांनी गावात खरोखरच कुणी उरत नाही, आणि मग आयोजक म्हणतात, इथे साथ करायला आहे कोण. अलीकडे एका संस्थेच्या कार्यक्रमात मी तासभर तबले लावून बसलो. पाहुण्यांचा साथीदार गाडी अडकल्यामुळे उशिरा पोचणार होता. तो पोचला आणि मला मंचामागूनच घरी जायला सांगितलं. मानधनाबद्दल कुणी बोललं नाही. त्या संस्थेत भली माणसं आहेत. त्यांच्या दृष्टीनं तबला ही सभागृहाच्या ध्वनियंत्रणेसारखी भाड्यानं मिळणारी सेवा होती, आणि मला त्रास झाला तो या दृष्टीचा.

साथीदार एखाद्या मुलखात राहिला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच रंगभूमीवर आहे. अहमदजान थिरकवाँ मूळचे मुरादाबादचे. स्वतंत्र तबलावादनात ज्यांच्या तोडीचा सापडणं कठीण, ते खाँसाहेब गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करत राहिले. पुढे नारायणराव जोशी, भाई गायतोंडे यांच्यासारखे शिष्य त्यांच्याकडून घडले आणि महाराष्ट्रात तबल्याची एक परंपरा रुजली. चार ओळींच्या नाट्यपदामागे एवढा मोठा माणूस संयमानं वाजवतो, हे त्या काळच्या प्रेक्षकांनी रोज ऐकलं. त्या श्रोत्यांच्या कानाला ठेक्यातला गोडवा कळू लागला तो असा.

गंमत म्हणजे आपण जी पद्धत सोडतो आहोत ती समुद्रापलीकडे टिकून आहे. अमेरिकेत दौऱ्यावर जाणारे गवई पुष्कळदा एकटेच जातात, कारण दुसऱ्या माणसाचा व्हिसा आणि विमानभाडं परवडत नाही. मग न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात तिथलाच तबलजी बसतो. त्यांतले किती तरी मराठी आहेत. दिवसा संगणकाची नोकरी, रात्री रियाझ, आणि शनिवारी कुणाच्या तरी घरच्या बैठकीत भारतातून आलेल्या पाहुण्याला साथ. तिकडून येणारे गवई मला सांगतात की त्यांतल्या काहींचा ठेका आता ऐकण्यासारखा आहे. तो ऐकण्यासारखा झाला कारण त्यांना दर मोसमात नवा गवई मिळतो.

म्हणून आयोजकांकडे माझं मागणं साधं आहे. महोत्सवाच्या प्रत्येक रात्री निदान एका बैठकीला गावातला किंवा शेजारच्या गावातला साथीदार बसवा. पाहुण्यांना निमंत्रण देतानाच ते सांगा, ऐनवेळी नको. गाण्याच्या दिवशी दुपारी दोघांना तासभर एकत्र बसू द्या; तालमीसाठी नव्हे, एकमेकांची लय कळावी म्हणून. पत्रिकेवर त्याचं नाव पाहुण्याच्या साथीदाराइतक्याच अक्षरांत छापा आणि मानधन आधी ठरवा. ज्येष्ठ गवई याला नाही म्हणतील अशी भीती मला अनेकांनी घातली आहे. मी त्यांना विचारत आलो आहे, आणि बहुतेकांनी उलट विचारलं: वाजवणारा झुमरा नीट धरतो ना? धरत असेल तर बसवा. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना कायदे आणि रेले आवडतात, ते मी शिकवतोच. पण आता दर आठवड्याला एक दिवस मी फक्त झुमरा आणि तिलवाडा धरायला लावतो, तानपुरा लावून, एका लयीत, घड्याळ न बघता.