भयाचे चित्र आणि मेलेल्याचे नाव

आपल्या माळकरी घरांतून अलीकडे एक तक्रार फार ऐकू येते. पोरे रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन भुताखेतांचे, खुनाखुनीचे सिनेमे बघतात. पुस्तक हाती धरलेच तर तेही प्रेतांनी भरलेले. ‘बुवा, हे पाप आहे असे कीर्तनातून सांगा,’ म्हणतात. मला तसे सांगवत नाही. पन्नास वर्षे मी तरी दुसरे काय केले? खांबातून नरसिंह काढला, हिरण्यकशिपूला उंबरठ्यावर मांडीवर घेतला, पोट फाडले. मृदंगाचा हात असा चढे की पुढची लेकरे आईच्या पदरात शिरत. कोणी थांबवले नाही. उलट पुढल्या सप्ताहाचे नारळ आले.

तेव्हा दोष रक्ताचा म्हणता येत नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत भयानक आहे आणि बीभत्सही आहे. शांत हा नववा, तो मागाहून आला. अभिनवगुप्तांनी भयानकाचे उदाहरण दिले ते शाकुंतलातल्या हरणाचे. दुष्यंताचा बाण पाठीशी आणि ते मान वळवून बघत पळते आहे. बघणाऱ्याला भय वाटते, पण ते स्वतःच्या जिवाचे नव्हे आणि एकट्या हरणाचेही नव्हे. माझे-तुझे गळून नुसते भय उरते. हे मोठे सूक्ष्म आहे, दोनदा वाचा. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायात माउलींनी शांताला अद्भुताची जोड दिली, आणि पुढे विश्वरूपाच्या दाढांत योद्धे चिरडलेले दाखवले. अर्जुन भ्याला, देवाला चतुर्भुज रूप परत मागू लागला. देव त्याला हसला नाही, धीर दिला. भिणे हा भक्ताचा उणेपणा नव्हे.

आता सौप्तिकपर्व घ्या. रात्रीची वेळ, पांडवांचा तळ झोपलेला, अश्वत्थामा आत शिरतो. धृष्टद्युम्नाला शस्त्राने मरण दे म्हणून विनवूनही तो लाथांनी मारतो, द्रौपदीची पाचही मुले कापतो. याहून भयंकर सिनेमा कोणी काढून दाखवावा! पण व्यास तिथे थांबत नाहीत. लगेच स्त्रीपर्व येते. गांधारी रणांगणावर एकेक प्रेत कृष्णाला दाखवते: हा अमक्याचा मुलगा, ही त्याची बायको, बघ कशी रडते. आणि ज्यांच्यामागे कोणी उरले नाही त्यांचेही अंत्यसंस्कार करा, अशी आज्ञा धर्मराज देतो. मारण्याला एक पर्व दिले, तर रडण्यालाही एक अख्खे पर्व दिले.

माझी कसोटी एवढीच. मेलेल्याला नाव आहे का, आणि त्याच्यासाठी रडणारे कोणी आहे का?

नातवाने एकदा एक सिनेमा लावून दिला. तासाभरात इतकी माणसे मेली की मी मोजणे सोडले; एकाच्याही घरी निरोप गेला नाही. मी उठलो. भीती वाटली म्हणून नव्हे. चौथ्या-पाचव्या प्रेतानंतर काहीच वाटेना, त्याने दचकलो. पण त्याच पोराने पुढे २०१८ सालचा ‘तुंबाड’ दाखवला, तो मी शेवटपर्यंत पाहिला. नारायण धारपांच्या कथेचा त्याला आधार आहे. पिठाची बाहुली घेऊन माणूस विवरात उतरतो आणि सोन्याच्या मोहरा आणतो; बापाचा लोभ मुलाला शिकवतो. शेवटी बाप शापाने सडतो आणि मोहरांची थैली पुढे करतो, तेव्हा मुलगा ती घेत नाही. त्या मुलाचे नाव पांडुरंग! लेखकाच्या मनात काय होते ते तो जाणे, मी आपला हात जोडले. लोभावर मी केलेल्या कित्येक निरूपणांपेक्षा ते चित्र पोराच्या मनात खोल गेले, हे मान्य करायला मला संकोच नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. आमच्या गल्लीत एक आजी गेल्या. रोज रात्री पडद्यावर दहा मरणे बघणारा त्यांचा पंधरा वर्षांचा नातू ओसरीवरून आत येईना. त्याने पाहिलेले प्रेत उठून अंगावर येणारे; न्हाऊ घातलेले, कपाळाला बुक्का लावलेले प्रेत त्याला ठाऊकच नव्हते. त्याच्या मावशीने हाताला धरून आत आणले, आजीच्या मुखात तुळशीपत्र ठेवायला लावले. आजीची हनुवटी गार लागली तसा तो मोठ्याने रडला. मग खांदाही दिला. आया-बापांनो, मोबाईल काढून घेण्याआधी पोराला दारी आलेल्या मरणापासून लपवता का, ते बघा. दशक्रियेच्या प्रवचनाला मुलांना घरी ठेवून येणारी कुटुंबे मी वाढत चाललेली पाहिली.

चोखोबांचे मरण आपण सांगतोच. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता १३३८ साली भिंत कोसळली, राबणारे मजूर गाडले गेले. नामदेवराय आले, तेव्हा ढिगाऱ्यात उरली होती हाडे. कोणती कोणाची हे कसे ओळखावे? ते एकेक हाड कानाशी धरत गेले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे, अशी आपली परंपरा सांगते. ती हाडे पंढरीस आणून महाद्वारी समाधी दिली. हा प्रसंग मी कैक वेळा लावला. हाडांचे नाव काढताच कोणी पोर पदरात शिरलेले मला आठवत नाही. एकदा एका लहान मुलीने मात्र कीर्तन संपल्यावर पायाशी येऊन विचारले, ‘बुवा, बाकीच्यांची हाडे कोणी नेली?’