न केलेल्या कामाचा दोष

मीमांसकांनी कर्माची जी वाटणी केली तिच्यात नित्यकर्माची जागा मोठी अवघड आहे. काम्य कर्माला फळ असते: पुत्र, पाऊस, स्वर्ग. संध्यावंदनासारखे नित्यकर्म केल्याने मात्र पदरात वेगळे काही पडत नाही, पण ते चुकवले तर प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. शंकराचार्यांना हे पटले नाही. जे घडलेच नाही त्या अभावातून दोषासारखी खरीखुरी गोष्ट उत्पन्न होईल कशी, असा आक्षेप त्यांनी गीतेच्या चौथ्या अध्यायावरील भाष्यात घेतला आहे. प्रश्न कर्मकांडाचा वाटतो, म्हणून आज तो फारसा कोणी विचारत नाही. पण मंगल कार्यालयाच्या हौदापाशी, लॉजच्या टाकीखाली आणि दवाखान्याच्या नळजोडणीत तो जसाच्या तसा उभा आहे, आणि तिथे त्याचे उत्तर टाळता येत नाही.

सोलापूर-धुळे महामार्ग धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातून जातो. पारगाव, तेरखेडा ही त्यावरची गावे. धाबा, लॉज, मंगल कार्यालय अशा जागी एकाच वेळी शेकडो माणसांचे पाणी लागते. मराठवाड्याच्या या कोरड्या भागात नळाला चोवीस तास पाणी नसते, आणि पाणी नसले की जलवाहिनी नुसती रिकामी राहत नाही, ती ओढू लागते. उताराकडचे पाणी खाली गेले की मागे पोकळी होते. त्यात कोणी नळालाच मोटर लावली, की ओढ आणखी वाढते. अशा वेळी भांडी धुण्याच्या हौदात नळीचे तोंड बुडालेले असेल, किंवा बोअरची लाइन परस्पर नळाच्या लाइनीला जोडलेली असेल, तर ते पाणी उलटे फिरून सार्वजनिक वाहिनीत शिरते आणि पुढच्या घरी प्यायला जाते. हे अडवायला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. जिथे धोका जास्त तिथे दुहेरी झडपांची, दाबातला फरक ओळखून उलटे पाणी बाहेर सांडून देणारी यंत्रणा बसवतात. पण क्षार साचून किंवा वाळूचा कण अडकून झडप उघडीच राहिली, तरी नळाला पाणी पूर्वीसारखेच येते. बिघडलेला व्हॉल्व्ह तक्रार करत नाही. तपासल्याशिवाय तो बिघडला हे कळतच नाही, आणि म्हणूनच बसवणे हे एकदाचे काम असले तरी तपासणे हे नित्यकर्म आहे.

१९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले असताना तिथल्या दोन हॉटेलांतून अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली. सुमारे १४०० माणसे आजारी पडली, ९८ दगावली. तपासात सांडपाण्याच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या जुन्या, सदोष जोडण्या सापडल्या. पाहुणे तोवर आपापल्या गावी परतले होते. दोष एका इमारतीत आणि त्याचे फळ शेकडो मैल दूर. १९६९ साली अमेरिकेतल्याच वुस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात काविळीची साथ पसरली आणि त्या वर्षीचा उरलेला हंगाम रद्द झाला. जवळच आग लागली होती, बंबांनी पाणी ओढल्याने वाहिनीतला दाब पडला, आणि मैदानावर पाणी शिंपडण्याच्या नळाच्या खड्ड्यात साचलेले दूषित पाणी खेळाडूंच्या पिण्याच्या नळात आले. आग विझवणे हे पुण्याचेच काम. इथे वाईट कोणीच काही केले नव्हते. एक गोष्ट तेवढी कोणी केली नव्हती.

आता आचार्यांचा आक्षेप. अभावातून रोग जन्मला नाही, हे त्यांचे म्हणणे मान्यच करावे लागते. घाण आधीच होती, दाबाचा फरकही खरा होता. पण नव्य नैयायिकांचे एक उदाहरण इथे लख्ख लागू पडते. विशिष्ट मणी जवळ असेपर्यंत अग्नी जाळत नाही, मणी काढला की जाळतो. म्हणून प्रतिबंधकाचा अभाव हेही कार्याचे एक कारण धरले पाहिजे. व्हॉल्व्ह हा तो मणी. अर्थात जगात असंख्य गोष्टींचा अभाव असतो आणि प्रत्येकाचा दोष प्रत्येकाला लागत नाही. त्याचेही उत्तर मीमांसेतच आहे: कर्म ज्याच्या अधिकारातले, चुकल्याचा दोष त्याचा. सार्वजनिक वाहिनीला जो आपली नळी जोडतो, त्याने हा अधिकार स्वतःहून घेतलेला असतो. नित्यकर्माला फळ का नाही, तेही इथे उलगडते. त्याचे फळ म्हणजे काहीच न घडणे, आणि न घडलेल्या साथीबद्दल मालकाचे आभार कोणी मानत नाही.

कोणी म्हणेल, हेतू नसेल तर पाप कसले? याच जिल्ह्यातल्या तेरच्या कुंभार संत गोरोबाकाकांची कथा पाहा. चिखल तुडवताना पायाखाली मूल आले, तेव्हा त्यांच्या मनात हिंसेचा लवलेश नव्हता, होते ते केवळ नामस्मरण. तरी कथा त्या मृत्यूला मृत्यूच म्हणते. मूल परत मिळाले ते विठ्ठलाच्या कृपेने, बापाचा हेतू निर्मळ होता म्हणून नव्हे. हेतूने माणूस दुष्ट ठरतो की नाही एवढे कळते, त्याचे कर्तव्य त्याने संपत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पाण्याचीच मारामार तिथे हे चोचले कशाला? त्यात सत्य इतकेच, की अपुऱ्या, खंडित पुरवठ्याचा दोष पुरवणाऱ्याच्या माथी आहे आणि तो त्याला चुकत नाही. पण वाहिनी जितक्या वेळा रिकामी होते तितकी उलट्या ओढीची संधी वाढते, त्यामुळे ही काळजी शिकागोपेक्षा वाशीत जास्त गरजेची. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय जवळजवळ फुकट आहे. नळीचे तोंड हौदाच्या काठाच्याही वर, नळीच्या व्यासाच्या दुप्पट उंचीवर ठेवले, की मधल्या हवेतून पाणी उलटे चढू शकत नाही.

तेव्हा मंगल कार्यालये, लॉज आणि दवाखाने चालवणाऱ्यांनी हौदातल्या नळ्या आजच वर उचलाव्यात, आणि लग्नसराईआधी दरवर्षी व्हॉल्व्ह उघडून तपासल्याची तारीख गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी लिहावी.