ज्या वाटेने शब्द गेला

दिवे घाटाची चढण वारीत चाललेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुण्याहून पहाटे निघालेली माउलींची पालखी वडकीचा विसावा आटोपून घाटाला लागते, तेव्हा पायांत त्राण उरलेले नसते. त्या दिवशी पुष्कळदा एकादशीचा उपासही असतो. तरी टाळ थांबत नाही, मुखातले नाम थांबत नाही. घाट चढतो तो पायांनी नव्हे, नामानेच, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे.

त्याच घाटात, मुखात नाम असताना, माझ्या तोंडून एक वाक्य गेले. त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. दिंडीतील ओळी सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. वीस वाऱ्या झाल्या होत्या, त्याचा थोडा ताठाही होता. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक म्हातारी वरचेवर मागे पडत होती आणि तिच्यामुळे मागची ओळ मोडत होती. दोनदा सांगितले. तिसऱ्या वेळी मी सर्वांसमोर ओरडलो, "माउली, झेपत नाही तर यायचं कशाला? घरी बसून विठ्ठल भेटत नाही काय?"

ती काही बोलली नाही. तुळस सावरून रस्त्याच्या कडेला झाली आणि दिंडी पुढे गेली. पुढच्या वर्षी तुळस दुसऱ्या बाईच्या डोक्यावर होती. चौकशी केली तेव्हा तिच्या गावचा एक जण म्हणाला, "तिनं वारी सोडली. म्हणते, मला झेपत नाही."

म्हणजे माझेच शब्द तिने उचलले होते आणि स्वतःचे म्हणून ठेवून घेतले होते.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. पांडुरंगापुढे उभा राहिलो की मनात क्षमा मागत असे आणि मागितली म्हणजे फिटले, असे समजत असे. तसे ते फिटत नाही, हे मला कळले ते एका वेगळ्याच ठिकाणी. नगर जिल्ह्यात आमच्या शेजारी एक ख्रिस्ती गुरुजी राहत. निवृत्त शिक्षक, मोजके बोलणारे. आमच्या भागात ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नगरच्या मातीत राहिलेले कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, तरी तुकोबांवरची त्यांची भक्ती सुटली नाही. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. त्यांचा तापट, तडकाफडकी स्वभाव लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त काही न लपवता सांगितला आहे. देवाचे वेड असलेल्या माणसाचीही जीभ आणि पाय एका क्षणात उचलले जातात, हे त्या पुस्तकातून कळते.

एका संध्याकाळी गुरुजींशी बोलताना मी घाटातली गोष्ट सांगून टाकली. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाले, "बुवा, आमच्या पेत्राची गोष्ट ऐका."

पेत्र हा गालील सरोवरावरचा कोळी. मूळ नाव शिमोन. येशूने त्याला नाव दिले पेत्र, म्हणजे खडक. पण स्वभाव पाहिला तर खडकासारखे काहीच नाही. विचार यायच्या आधी शब्द बाहेर. येशू आपल्या पुढच्या दुःखाविषयी बोलू लागला, तर पेत्र त्यालाच बाजूला घेऊन दटावू लागला आणि त्याबद्दल कठोर शब्द ऐकून घेतले. डोंगरावर गुरूचे तेजस्वी रूप दिसले, तर लगेच म्हणाला, येथे तीन मांडव घालू. आपण काय बोलतो हे त्याला कळत नव्हते, असे शुभवर्तमानच सांगते. येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला तर पेत्र म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. आणि पाय धुतल्याशिवाय तुझा माझा संबंध नाही असे ऐकताच म्हणाला, मग हात आणि डोकेही धुवा. सगळेच टोकाचे.

येशूला पकडायला लोक आले त्या रात्री जिभेची घाई हातात उतरली. पेत्राने तलवार उपसली आणि महायाजकाच्या मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान तोडला. येशूने त्याला थांबवले आणि त्या दासाचा कान बरा केला. शिष्याने रागात जे तोडले ते गुरूला जोडावे लागले.

त्याच रात्री आधी तो छातीठोक म्हणाला होता, सगळे तुम्हाला सोडून गेले तरी मी सोडणार नाही. आणि पहाट व्हायच्या आत, महायाजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेगडीशी हात शेकत असताना, एका दासीने विचारले तेव्हा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. असे तीनदा. शेवटी तर शपथा वाहून. गंमत अशी की लोकांनी त्याला ओळखले ते त्याच्या गालीली बोलीवरून. ज्या जिभेने तो नाकारत होता, तीच जीभ तो कोणाचा आहे हे सांगत होती. मग कोंबडा आरवला. येशूने वळून त्याच्याकडे पाहिले. पेत्र बाहेर जाऊन ढसढसा रडला.

मी म्हणालो, "रडला म्हणजे झालं की, गुरुजी. पश्चात्ताप झाला."

गुरुजी म्हणाले, "नाही, अजून अर्धी गोष्ट राहिली."

पुनरुत्थानानंतर एका सकाळी पेत्र आणि बाकीचे सरोवरात मासे धरत होते. काठावर येशू उभा आहे हे कळताच पेत्राने नाव काठाला लागायची वाटही पाहिली नाही, पाण्यात उडी टाकली. काठावर पाहतो तर पुन्हा कोळशाचा विस्तव, त्यावर मासे आणि भाकर. खाऊन झाल्यावर येशूने त्याला विचारले, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटले. पण जितक्या वेळा नाकारले तितक्याच वेळा, तसल्याच विस्तवाजवळ, चार जणांच्या देखत, त्याला ते बोलावे लागले. आणि प्रत्येक उत्तरानंतर येशूने त्याला एकच काम दिले, माझी मेंढरे सांभाळ.

गुरुजी एवढेच बोलून थांबले. पण माझ्या मनात घाट उभा राहिला. पेत्राचा शब्द ज्या वाटेने गेला होता, त्याच वाटेने त्याला परत यावे लागले. मी मात्र घाटात सर्वांसमोर बोललो होतो आणि क्षमा मागत होतो देवळात, मनातल्या मनात, जिथे ती म्हातारी नव्हतीच.

वारकऱ्याने या गोष्टीचा विचार करावा तो यासाठी. आपण चालताना प्रत्येकाला माउली म्हणतो. लहानाला, थोराला, पोलिसाला, पाणी देणाऱ्याला. हा आपल्या संप्रदायाचा मोठा अलंकार आहे. पण त्याच तोंडाने "माउली, सरका की बाजूला" असे खेकसतोही. ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात याकोबाचे एक पत्र आहे. त्यात जिभेला मोठे जहाज वळवणाऱ्या लहानशा सुकाणूची आणि अख्खे रान पेटवणाऱ्या ठिणगीची उपमा दिली आहे. तिथे हेच विचारले आहे की ज्या मुखाने देवाची स्तुती करता त्याच मुखाने देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडलेल्या माणसाला शाप कसा देता? एकाच झऱ्याला गोड आणि कडू पाणी येते का? हा प्रश्न आळंदीच्या वाटेवर विचारला तरी तितकाच लागू पडतो.

आपल्याकडे हे सांगितलेले नाही असे नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात बोलण्याला तप म्हटले आहे. ज्याने कोणी उद्विग्न होत नाही, जे खरे आहे, प्रिय आहे आणि हिताचे आहे, ते बोलणे म्हणजे वाङ्मय तप. माझे वाक्य खरे होते असे मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावले. तिला खरोखरच झेपत नव्हते! पण चारांपैकी एकच अट पाळली म्हणजे तप होत नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना माउलींनी बोलण्याचाही विचार केला आहे, आणि तिथला क्रम असा की स्नेह पुढे आणि शब्द त्याच्या मागे. माझ्या बोलण्यात स्नेह मागेही नव्हता.

मग उपाय काय? पुष्कळ जण म्हणतात, गप्प बसावे. मौनाचे मोल आहेच. इजिप्तच्या वाळवंटात राहणारे जुने ख्रिस्ती तपस्वी होते, त्यांपैकी अगाथोन नावाच्या साधूने गप्प राहण्याची सवय लागावी म्हणून तीन वर्षे तोंडात खडा धरला, असे सांगतात. आपल्याला खडा शोधायला जायला नको, आपल्या तोंडात नाम आहे. राग आला की एकदा 'रामकृष्णहरी' पूर्ण म्हणावे आणि मगच बोलावे. एवढ्या अवकाशात अर्धे शब्द आपोआप गळून पडतात. पण ते नाम खरोखर म्हणावे लागते. घाटात माझ्या ओठांवर नाम होते, चित्त मात्र ओळी मोजत होते.

दुसरा उपाय गेलेल्या शब्दासाठी. मुक्ताबाईंची आठवण ठेवावी. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकटी बहीण ताटीबाहेर उभी राहून विनवत राहिली. ज्ञानदेवांचीही ताटी लोकांच्या शब्दाने लागू शकते, तर साध्या म्हातारीची का लागणार नाही? आणि लागलेली ताटी उघडायची तर कोणीतरी ताटीशी जाऊन उभे राहावे लागते. दुरून नमस्कार करून ती उघडत नाही.

पालखी सोहळ्यात याची सोयच करून ठेवली आहे. मुक्कामी समाज आरतीला चोपदारांनी चोप उंचावला की हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, समजूत घालतात, आणि मग आरती. रुसलेल्याचे टाळ वाजत असताना देवाची आरती होत नाही. येशूनेही सांगितले आहे की वेदीशी अर्पण आणल्यावर भावाचे मन आपल्याविषयी दुखावले आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी भावाशी समेट करावा. मला मात्र वाटत राहिले की म्हातारीचे टाळ इतकी वर्षे वाजत होते आणि मी आरती म्हणत होतो.

त्या भाद्रपदात मी तिच्या गावी गेलो. गुडघे गेले होते, ओट्यावर बसली होती. मी पाया पडलो आणि ते वाक्य जसेच्या तसे पुन्हा उच्चारून म्हणालो, हे माझे चुकले. ती थोडा वेळ बघत राहिली. म्हणाली, "लागलं नाही असं कसं म्हणू, बाबा? लागलंच. पण तू आलास." आणि मला अडवता येण्याआधी वाकून तीही माझ्या पाया पडली. आपली रीतच आहे ती.

तिची वारी परत आली नाही. गुडघ्यांनी साथ दिली नाही आणि गेलेली वर्षे मला परत देता आली नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण क्षमा मिळाली म्हणजे नुकसान भरून आले असे नव्हे. पुढच्या वारीत घाटात, त्याच वळणावर, मी दिंडीला ही गोष्ट सांगितली. ज्यांच्या देखत बोललो होतो त्यांतले बरेच जण तिथे होते. बोलताना मान वर होत नव्हती. त्या वर्षापासून मागे पडणाऱ्यांच्या बरोबर चालण्याचे काम मी मागून घेतले. ओळी दुसरे कोणी सांभाळतात.

पेत्राचा उतावीळपणा येशूने काढून टाकला नाही, हे मला त्या गोष्टीत सर्वांत मोलाचे वाटते. पाण्यात उडी टाकणारा तो शेवटीही तोच होता. फक्त त्या धावण्याला काम मिळाले, सांभाळण्याचे. आपला स्वभाव तापट असेल तर निराश होऊ नये. ज्या पायांनी आपण भांडायला धावतो, त्याच पायांनी क्षमा मागायलाही धावता येते.

येत्या वारीला निघण्यापूर्वी प्रत्येकाने आठवून पाहावे, कोणाचे टाळ अजून वाजत आहेत. पडशी भरण्याआधी त्या एका घरी जाऊन यावे. म्हातारी गेली तोपर्यंत मी दर आषाढीनंतर तिच्या घरी पंढरीचा बुक्का नेत असे. तो कपाळी लावताना ती विचारायची, "कोणी मागं राहिलं नाही ना रं?"

रामकृष्णहरी.